ओठात

डेल्मर क्रॅबट्रीला जानेवारीत पक्षाघाताचा झटका आला आणि त्याच्याजवळचे सगळे शब्द गेले, एक सोडून. आता देवाने एवढी झडती घेतलीच होती, तर निदान एखादा कामाचा शब्द तरी मागे ठेवायचा. 'पाणी' ठेवायचा, 'भूक' ठेवायचा. बायकोचं नाव ठेवलं असतं तरी चाललं असतं. लिओटा काही फार लांबलचक नाव नाही. पण राहिला तो 'ओठात'.

आमच्या तळ्याकाठी हा शब्द कुठून येतो ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुणी मोठा बास मासा घेऊन धक्क्याला लागला की दुसरा विचारणार, "कुठं लागला रे?" आणि ज्याला आपली जागा सांगायची नाही, म्हणजे झाडून सगळेच, तो म्हणणार, "ओठात." गळ माशाच्या ओठातच लागतो, त्यामुळे उत्तर खोटं नाही. उपयोगाचं तर मुळीच नाही. बाकीचे लोक हे हसून म्हणतात आणि दुसऱ्या बाटलीनंतर जागा सांगून मोकळे होतात. डेल्मरने चाळीस वर्षांत एकदाही सांगितली नाही. शेजाऱ्याला नाही, सख्ख्या भावाला त्याच्या शेवटच्या आजारात नाही, आणि लिओटाला तर नाहीच नाही.

लिओटा पोटात काही ठेवणाऱ्यांतली नव्हे. तीस वर्षं तिने शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवल्या आणि मुकादमाला जे वाटलं ते तोंडावर सांगितलं. चर्चच्या गायकवृंदात ती खालच्या पट्टीत गाते आणि वरच्या पट्टीतल्या बायका कुठे घसरल्या हेही गाणं संपल्यावर सांगते. अशा बाईला असा नवरा मिळाला. सेहेचाळीस वर्षं तिने आठवड्यातून तीनदा मासे ताकात बुडवून, मक्याच्या पिठात घोळवून तळले. पडद्यांना, उशांना, रविवारच्या टोपीला तो वास लागला. आणि मासे येतात कुठून, एवढं साधं विचारायची सोय नाही. इतर नवरे निदान झोपेत तरी बरळतात. हा झोपेतही ओठ घट्ट मिटून असायचा.

तसा डेल्मर गरीब माणूस. शाळेची बस चालवायचा, सुट्टीत बाहेरगावच्या हौशी लोकांना बोटीतून मासेमारीला न्यायचा, तेही दुसऱ्याच जागांवर. जेवायला वाढाल ते खायचा. फक्त ट्राउट मासा चालायचा नाही. धरणाखालच्या नदीत थंडगार पाणी सुटतं, तिथे सरकार हौदात वाढवलेले ट्राउट ट्रकने आणून सोडतं. नदीवर बोटी भाड्याने देणारा हार्लन प्रुइट एकदा त्यातले चार घेऊन आला. लिओटाने ते लोण्यात परतले. डेल्मर आपली घेवड्याची वाटी घेऊन ओसरीवर जाऊन बसला.

"ट्रकमधून उतरतो तो पाहुणा," तो म्हणाला. "पाहुण्याला खायचं नसतं."

एवढं सोडलं तर संसारात त्याने हट्ट केले ते तीनच, आणि तीनही असे की लिओटाने कपाळाला हात लावावा.

पहिला हट्ट धुरी घालायच्या खोपटाच्या दाराचा. घरामागे तळ्याकडे तोंड करून एक जुनं लाकडी खोपट आहे. डुक्कर मारून मांसाला धुरी घालणं त्यांनी केव्हाच सोडलं, खोपटात आता फुटक्या बरण्या आणि कोळ्यांची जाळी. पण दर एप्रिलला डेल्मर त्या दाराला पांढरा रंग लावणार. राहत्या घराचे पोपडे निघाले, स्वयंपाकघरावरचं छप्पर गळलं, तिकडे ढुंकून बघायचं नाही. खोपटाचं दार मात्र नवरीसारखं.

दुसरा हट्ट धक्क्याच्या खांबाचा. घराखालच्या लाकडी धक्क्याचा शेवटचा खांब वाकडाच रोवलेला होता, एका बाजूला कलून. ब्याऐंशीच्या पुराने धक्का वाहून नेला तेव्हा लिओटा म्हणाली, आता तरी सरळ बांध. त्याने दोन दिवस पाण्यात उभं राहून, मोजूनमापून, खांब होता तिथेच पुन्हा वाकडा रोवला.

तिसरा हट्ट मात्र वेगळा होता. लिओटा तो हट्ट म्हणायचीच नाही. ती त्याला देवाची कृपा म्हणायची.

चौऱ्याहत्तर साली चर्चच्या मनोऱ्यावर वीज पडली. गळायला लागला. मंडळींनी ठरवलं, पाडूनच टाकू. डेल्मर लग्नानंतर चर्चमध्ये फिरकलेला नव्हता; रविवारी पहाटे तो तळ्यावर आणि ही एकटी बाकावर, असं चालायचं. त्या बुधवारच्या सभेत हा माणूस हातात टोपी घेऊन दारातून आत आला आणि उभा राहिला.

"मी काही फारसा येत नाही इथं," तो म्हणाला. "पण तो मनोरा दिसला की माणसाला कळतं आपण कुठं आहोत. तो काढलात तर काही जण वाट चुकतील."

एवढं बोलून तो बसला. तेव्हाचे म्हातारे पाळक रडले. दोन विधवा रडल्या. मत एकमुखाने पडलं आणि मनोऱ्याची डागडुजी डेल्मरनेच शिडीवर चढून केली. त्या रात्री लिओटाने पीच भरलेला 'पाय' नावाचा गोड पदार्थ भाजला आणि टल्सात राहणाऱ्या बहिणीला पत्र लिहिलं, 'देवाने माझं ऐकलं.' पुढच्या रविवारी डेल्मर पुन्हा तळ्यावर गेला ही गोष्ट निराळी. पण ती सभा तिने चोवीस वर्षं जपली. कुणी तिच्या नवऱ्याला नावं ठेवली की ती म्हणायची, "त्याचा देव त्याच्या आत आहे. चौऱ्याहत्तर साली सगळ्यांनी पाहिलाय."

आता यंदाचं ऐका. जानेवारीत आमच्याकडे लोक नाताळची वाळलेली झाडं धोंडे बांधून तळ्यात बुडवतात, त्यांच्या फांद्यांत मासे घर करतात म्हणून. डेल्मर अशीच झाडं ओढत असताना कोसळला. लिटल रॉकच्या इस्पितळात तीन महिने गेले. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. एप्रिलमध्ये घरी आला तो हाडांचा सापळा. खाईना. लिओटाने काय केलं नाही? घेवडा, मक्याची भाकरी, कोंबडीचं कालवण, पीच. तो दोन चमचे खायचा आणि तळ्याकडे बघत बसायचा. ताटली मागे सरकवायचा.

"काय हवंय तुला?"

"ओठात."

"ते कळलं. खायला काय हवंय?"

"ओठात," तो खिन्नपणे म्हणायचा.

एक दिवस मात्र त्याने डाव्या हाताने तिची बाही ओढली आणि चाकाच्या खुर्चीतून खोपटापर्यंत न्यायला लावलं. आत रंगाचा डबा. तिने डबा पाहिला, त्याच्याकडे पाहिलं.

"पोटात घास जाईना, आणि दाराला रंग हवाय तुला?"

डबा उघडेपर्यंत त्याने तिची बाही सोडली नाही. सत्तरीच्या बाईने गुडघे टेकून खोपटाच्या दाराला रंग लावला, आणि हा खुर्चीत बसून राहिलेल्या जागा बोटाने दाखवत होता. म्हणजे बोट चालत होतं. हे तिने लक्षात ठेवलं.

डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं, "औषधाने जेवढं व्हायचं ते झालं. त्यांना कशाची तरी ओढ वाटायला हवी. असेच खंगत राहिले तर मे-जून निघणं कठीण."

लिओटा घरी आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि मनाशी म्हणाली, ठीक आहे. याला एकाच गोष्टीची ओढ आहे जगात, आणि ती कुठे आहे ते याने मला कधी सांगितलं नाही. मी याला तिथे नेणार. नेलं नाही तर माझं नाव लिओटा नाही.

ती कधी बोटीत चढली नव्हती. त्या वयात ती मोटर चालू करायला, वळवायला, नांगर टाकायला शिकली. डेल्मरला उचलून बोटीत ठेवायला हार्लन प्रुइट यायचा. माणूस मदतीचा, पण त्याची नजर कुठे होती ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

"मीच येतो ना बरोबर," हार्लन म्हणायचा. "तू बाईमाणूस, एवढं मोठं तळं. तो दाखवेल तिकडे बोट नेतो मी. मला काय, मी पडलो ट्राउटवाला."

"ट्राउटवाला आहेस तर नदीवर जा."

"वारा कसा आहे ते बघायला आलो होतो, झालं," असं म्हणून तो जायचा, आणि दहा मिनिटांनी त्याची हिरवी बोट अर्धा मैल मागे, दुर्बिणीसकट. चाळीस वर्षं तो डेल्मरच्या जागेच्या मागे होता. ट्राउटला नावं ठेवणाऱ्याची बासची जागा मिळवायची, एवढंच त्याच्या आयुष्याचं सार्थक उरलं होतं.

तीन आठवडे, रोज सकाळी. लिओटा बोट न्यायची, मोटर बंद करायची आणि त्याच्या हातात गळाची काठी द्यायची.

"इथं?"

तो काठी खाली ठेवायचा. जागा नसेल तिथे तो गळ टाकायचाच नाही.

"मग तिथं? त्या झाडांपाशी? कड्याखाली? अरे, बोट दाखव ना. दार रंगवताना दाखवत होतास की."

तो डावा हात उचलायचा आणि सबंध तळ्यावरून फिरवायचा. वीस मैलांचं तळं. बाई चिडली. चिडू नये तर काय करावं?

"डेल्मर क्रॅबट्री," ती एकदा नांगराची दोरी आपटून म्हणाली, "मी तुझं अंग पुसते. तुझी दाढी करते. या वयात मोटरचं तेल अंगावर उडवून घेते. आणि तू अजून माझ्यापासून जागा लपवतोस? मी काय हार्लनला सांगणार आहे? हे पोटातलं ओठावर येणार तरी कधी?"

"ओठात," तो म्हणाला, आणि त्याने मान वळवली. पाणी संपतं तिथे दूर एक दुभंगलेला कडा आहे, त्याच्या खिंडीकडे तो बघत बसला. हल्ली सारखा तिकडेच बघायचा. तिला वाटलं, मानेची शीर आखडली असेल.

जूनच्या पहिल्या मंगळवारी ती इतकी वैतागली की साडेआठलाच बोट घराकडे वळवली. रात्रीचं जेवण पुन्हा तसंच परत आलं होतं, सकाळचं औषध त्याने थुंकून टाकलं होतं. पँट आता दोरीने बांधावी लागत होती. तिने समोर पाहिलं आणि डोळ्यांत काहीतरी टोचलं.

सगळा काठ हिरवा आणि मातकट. घर दिसेना, झाडांत बुडालेलं. फक्त एकच गोष्ट लख्ख दिसत होती, खोपटाचं पांढरं दार.

लिओटाने मोटर बंद केली.

अरे देवा, ती मनात म्हणाली. मांसासाठी नाही. दिसावं म्हणून.

मग तिने बोट जरा डावीकडे घेतली. धक्क्याचा वाकडा खांब दाराच्या डावीकडून सरकत सरकत आला, आणि बरोबर दाराच्या मधोमध उभा राहिला. वाकडा होता म्हणून तर इतर खांबांत ओळखू येत होता. डेल्मर ताठ बसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"ही रेघ आहे ना?" ती म्हणाली. "हीच रेघ धरून मागे जायचं?"

त्याने मान डोलावली. ती खांबावर नजर ठेवून उलटी बोट नेत राहिली, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. पण रेघ म्हणजे काही जागा नव्हे. रेघ दीड मैलाची. कुठे थांबायचं हे सांगायला दुसरी रेघ हवी, आडवी. डेल्मर पुन्हा त्या खिंडीकडे बघत होता. डोळे बारीक करून, मान पुढे काढून. कपाळावर घाम. तिनेही बघितलं. खिंडीत काही नव्हतं, फक्त आकाश.

"काय आहे तिकडं? त्या खिंडीच्या वर काय..."

आणि ती थांबली. त्या कड्यापलीकडे टेकडी आहे, टेकडीवर चर्च. चर्च इथून दिसत नाही, झाडांआड आहे. इथून दिसायचा तो फक्त मनोरा, त्या खिंडीतून.

हा तडाखा दोन हप्त्यांत बसला. पहिला म्हणजे चौऱ्याहत्तर सालची ती सभा. हातातली टोपी, रडणाऱ्या विधवा, पीचचा तो गोड 'पाय', बहिणीला लिहिलेलं पत्र. तो मनोरा दिसला की माणसाला कळतं आपण कुठं आहोत! खोटं एक अक्षर बोलला नव्हता मेला. चोवीस वर्षं तिने जिची साक्ष देवाच्या घरात उभं राहून दिली, ती देवाची कृपा एका माशाची होती.

"बास माशासाठी?" ती म्हणाली. "डेल्मर, ते सगळं एका माशासाठी होतं?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. इतकं अपराधी तोंड तिने सेहेचाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. ती त्याला बोटीतून ढकलून द्यायचीच बाकी होती.

दुसरा हप्ता त्यानंतर आला. मनोरा तिथे नव्हता. मार्चमध्ये पाडला होता, गळत होता म्हणून. आणि गळत होता तो नेमका खालच्या पट्टीतल्या बायकांच्या डोक्यावर, म्हणून फेब्रुवारीच्या सभेत तो पाडायचा ठराव लिओटा क्रॅबट्रीनेच मांडला होता. नवरा तेव्हा लिटल रॉकला नाकात नळी घालून पडलेला. तिने त्याला सांगितलंही नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

म्हणजे हा लपवत नव्हता. बोट दाखव म्हटलं तर हा सगळं तळं दाखवत होता, कारण याला खरंच माहीत नव्हतं. तीन आठवडे तो त्या रिकाम्या आकाशात मनोरा शोधत होता. त्याला वाटलं असेल, शब्द गेले तशी नजरही गेली. आणि ती त्याच्या नावाने खडे फोडत होती.

लिओटा मोटरवरून उठली, डगमगत त्याच्यापाशी गेली आणि खाली बसली.

"तुझे डोळे ठीक आहेत," ती म्हणाली. "मनोरा नाहीये. मी पाडला. माझ्या डोक्यावर गळत होता म्हणून."

डेल्मरने तिच्याकडे पाहिलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. तिला वाटलं रडतोय. तो हसत होता, अर्ध्या तोंडाने, आवाज न करता. तिला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

आमचे हल्लीचे पाळक, ब्रदर टिपटन, पश्चिम कॅन्ससच्या कोरड्या मुलखातून आलेले. बास आणि बादली यांतला फरक त्यांना सांगता येणार नाही. लिओटाला असाच माणूस हवा होता. ती त्याच दुपारी त्यांच्याकडे गेली.

"ब्रदर टिपटन, गुरुवारी सकाळी दहाला तुम्ही चर्चच्या छपरावर चढाल का? मनोरा होता तिथे उभं राहून एक लांब बांबू उभा धरायचा. त्याच्या टोकाला माझा गायकवृंदाचा लाल झगा बांधायचा."

टिपटननी चष्मा काढून पुसला. "सिस्टर लिओटा, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"डेल्मरला तळ्यातून मनोऱ्याची जागा बघायची आहे. शेवटची म्हणा हवं तर." यात खोटं काहीच नव्हतं. पोटात एक आणि ओठात एक, असं करायची तिला सवय नव्हती; पण नवऱ्याकडून तिला एवढं कळलं होतं की खरं बोलूनही ते साधता येतं.

पाळकांचे डोळे भरून आले. "झग्याचं तोंड कोणत्या बाजूला करू?"

"झग्याला तोंड नसतं, ब्रदर. उंच धरा म्हणजे झालं."

गुरुवार तिने उगीच निवडला नव्हता. त्या दिवशी धरणातून वीजनिर्मितीचं पाणी सोडणार नव्हते. नदी उतरली की ट्राउटवाले पाहुणे गुडघाभर पाण्यात उभे राहायला झुंडीने येतात, आणि हार्लनला दिवसभर श्वास घ्यायची फुरसत नसते. डेल्मरला बोटीत बसवून तो घाईघाईने निघून गेला. हिरवी बोट त्या दिवशी मागे नव्हती.

खांब दाराच्या मधोमध आणून लिओटा रेघेवरून मागे गेली. दहा वाजले. खिंडीत काही नाही. दहा वाजून पाच. पाळक पडले तर नाहीत ना, असा विचार आला, आणि झाडांच्या शेंड्यांवर एक लाल ठिपका हलला. गेला. पुन्हा आला, आणि यावेळी टिकला. डेल्मरचा डावा हात वर गेला. तिने बोट आणखी मागे घेतली. ठिपका कड्यामागे सरकला, खिंडीच्या काठाशी आला, बरोबर मधोमध आला.

हात खाली आला. तिने नांगर सोडला, आवाज न करता, हलकेच.

बघायला तिथे काही नव्हतं. पाणी, जसं सगळीकडे असतं तसं. चाळीस जानेवारींची नाताळची झाडं त्या पाण्याखाली होती, पण वरून नुसतं पाणी.

डेल्मरने काठी मागितली. आमिषाचं जांभळं रबरी गांडूळ तिने बांधून दिलं, त्याने ते सोडून पुन्हा बांधायला लावलं. मग डाव्या हाताने गळ टाकला. वेडावाकडा पडला. काठी डाव्या मांडीखाली दाबून त्याच हाताने दोरा गुंडाळला. ती मदतीला सरकली तर त्याने असं पाहिलं की ती जागेवर बसली. दुसऱ्यांदा टाकला. पाळक तिकडे छपरावर भजनं म्हणत असल्याचं नंतर कळलं. चाळीस मिनिटं ते तसेच उभे होते आणि त्यांना दोन गांधीलमाश्या चावल्या.

पाचव्या वेळेला काठी वाकली. म्हाताऱ्याने मांडी दाबली, मान मागे टाकली, दोरा घेतला, सोडला, घेतला. बोटीजवळ पाणी फुटलं आणि रुंद हिरवट तोंडाचा बास वर आला, आ वासून.

"ओठात!" डेल्मर ओरडला. "ओठात! ओठात!"

आणि लिओटाला कळलं की हा काहीतरी सांगतोय. बासला उचलायचं तर अंगठा त्याच्या तोंडात घालून खालचा ओठ चिमटीत धरायचा, म्हणजे तो निपचित राहतो. हे तिने हजार फोटोंत पाहिलं होतं. जिवंत माशाला तिने जन्मात हात लावला नव्हता. तिने डोळे मिटले, अंगठा त्या खरखरीत तोंडात घातला आणि उचललं. पाच महिन्यांत तो शब्द पहिल्यांदाच कामाला आला.

दुपारी तिने तो मासा ताकात बुडवला, मक्याच्या पिठात घोळवला आणि तळला. डेल्मरने तीन तुकडे खाल्ले. चौथा मागितला. ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली आणि उगीच कढई घासत बसली, कारण त्याला तिचे डोळे दिसायला नको होते.

संध्याकाळी हार्लन कुंपणापाशी आला. वास त्याला नदीपर्यंत आला असावा.

"मिळाला म्हणे?"

"मिळाला."

"मोठा?"

"तिघांना पुरला असता. आम्ही दोघांनी खाल्ला."

हार्लनने कुंपणाच्या तारेशी चाळा केला. "लिओटा, तू खरं बोलणारी बाई. चाळीस वर्षं मी त्याला विचारतोय. तू तरी सांग. कुठं लागला?"

लिओटा खरं बोलणारी बाई होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, ओसरीवर डुलकी काढणाऱ्या डेल्मरकडे पाहिलं.

"हार्लन," ती म्हणाली, "मला भांडी घासायची आहेत."

पण त्यातून मुख्य प्रश्न सुटला नव्हता. पाळकांना दर गुरुवारी छपरावर चढवता येणार नव्हतं. म्हणून पुढच्या बुधवारी, सभेत इतर विषय संपल्यावर, ती उभी राहिली. मागच्या दारापाशी डेल्मर खुर्चीत होता. चोवीस वर्षांनी आलेला, दाढी केलेला, गालांवर जरा मांस आलेला. सगळं गाव होतं. हार्लनही होता.

लिओटाने खूप तयारी केली होती. छपराला नवीन पत्रा लावता येईल, मनोरा मागच्या गवतात ताडपत्रीखाली शाबूत आहे, गायिकांची बाकं दोन हात पुढे घेता येतील. पण उभी राहिल्यावर तिला तळ्यावरचं ते रिकामं आकाश आठवलं, आणि त्यात मान पुढे काढून बघणारा तिचा नवरा.

"मनोरा पाडायचा ठराव मीच मांडला होता," ती म्हणाली. "मी चुकले. तो दिसला की माणसाला कळतं आपण कुठं आहोत. तो नसला की माणूस वाट चुकतो. मी चुकताना पाहिलंय."

एवढं बोलून ती बसली. बाकांवर रुमाल निघाले. ब्रदर टिपटन उठले, गांधीलमाशीने सुजलेल्या कानासकट.

"सिस्टर लिओटा," ते म्हणाले, "मी दोन वर्षं इथं प्रवचनं देतोय, पण असं एक वाक्य मला साधलं नाही. हे शब्द तुम्हाला मिळाले तरी कुठं?"

मागच्या दारापाशी खुर्ची करकरली.

"ओठात," डेल्मर म्हणाला.

सगळं चर्च एका सुरात 'आमेन' म्हणालं. सगळ्यात मोठ्यांदा हार्लन प्रुइट.